गल्लीची जीभ

चिकपेटच्या पाठीमागे हुणशेकेरे नावाचं तळं होतं, आणि तळ्याच्या बांधाखाली भावसार रंगाऱ्यांची गल्ली. तीस-बत्तीस घरं, दारादारात रंगाचे हंडे आणि मधोमध एक विहीर. तळ्याचं पाणी बांधाखालून झिरपत त्या विहिरीत उतरायचं. पाणी इतकं मऊ, की रेशमाच्या लडीला रंग धर म्हणून विनवावं लागत नसे. अर्ध्या गावचे विणकर आपलं रेशीम रंगवायला इथंच आणायचे. पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखात राहून ह्या लोकांनी घरात मराठी टिकवली होती. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, हे कानडी शब्द पाहुणे म्हणून आले आणि कायमचे मुक्कामाला राहिले, एवढंच.

ह्या गल्लीला एक जीभ होती. तशा जिभा सगळ्यांना होत्या, काहींना तर गरजेपेक्षा लांब. पण पाऊस लांबला, विहिरीचं पाणी हललं, हंड्यात काही कमी-जास्त वाटलं, की एकच माणूस थेंबभर पाणी जिभेवर घ्यायचा, टाळ्याला लावायचा, थुंकायचा आणि सांगायचा, 'धरेल.' किंवा, 'नाही धरणार.' त्यावर वाद नसे. मालोजी हंचाटे हा तो माणूस. सत्तेचाळीस साली मरताना त्याने दोन मुलांना जवळ बोलावलं आणि आधी ही वाटणी केली, घराचं मागाहून. "जीभ थोरल्याची, हात धाकट्याचा," तो म्हणाला. थोरला ज्योतिबा. धाकटा आप्पाजी. आप्पाजीचा उजवा हात असा, की लडी हंड्यातून कोणत्या क्षणी उचलायची हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. एक श्वास आधी उचलली तर रंग कच्चा, एक श्वास उशिरा तर करपट. त्याच्या हातच्या कुंकवी रंगाला तोड नव्हती.

मालोजीच्या काळात हंड्यात लाख असायची, मंजिष्ठ असायची, डाळिंबाची सालं असायची. ते जिभेवर घेतलं तर फार तर तोंड कडू व्हायचं. पुढे परदेशी पुडीचे रंग डब्यांतून आले आणि त्यांच्यासोबत तेजाब आलं, कारण तेजाबाशिवाय ती पुडी रेशमाला धरेना. रंग बदलले, रीत मात्र तीच राहिली. ज्योतिबा तेजाबाच्या हंड्यातलं पाणीसुद्धा बापासारखंच जिभेवर घेत राहिला. बाबा रे, हे विष आहे, असं त्याला कुणी म्हणालं नाही. गल्लीतलं शहाणपण जिभेकडून यायचं, मग जिभेला शहाणपण शिकवणार कोण?

बावन्न सालच्या लग्नसराईत त्याची जीभ सुजली, मग सोलून निघाली. दहा दिवस तो पेजेवर होता. जीभ बरी झाली, गुलाबी आणि गुळगुळीत, तान्ह्या मुलासारखी. अकराव्या दिवशी चंद्राबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्यासाठी मुद्दाम टोमॅटोचं सार केलं. दोन वाट्या सार भुरकून तो उठला. मग ती स्वतः जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला थांबली.

"अहो, साराला मी मीठच घातलं नव्हतं."

"स्वल्प कमी होतं. म्हटलं कशाला बोला."

दुसऱ्या दिवशी तिने मूठभर मीठ घातलं. तेही त्याने मुकाट खाल्लं. ती समोर येऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खाली मान घातली.

"कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "आप्पालाही नाही. येईल परत."

ती चव काही परत आली नाही. चिंच लावली, मिरी लावली, वैद्याचं चाटण झालं, देवीला नवस झाला. ज्योतिबाच्या तोंडात तेव्हापासून अन्न म्हणजे ओली किंवा कोरडी माती. ज्याला कधी असं झालं नाही त्याला हे दुःख कळायचं नाही, आणि ज्योतिबाला ते कुणापाशी बोलताही येईना. घरात बसून चंद्राबाई ते ओझं वाहू लागली.

हंड्यापाशी उभं राहायची त्याला धास्ती बसली. कुणी तरी 'अण्णा, बघ की स्वल्प' म्हणेल आणि आपण उघडे पडू. म्हणून त्याने बाहेरची कामं अंगावर घ्यायला सुरुवात केली. लोक देशसेवेच्या ओढीने राजकारणात शिरतात असं भाषणांतून ऐकायला मिळतं. ज्योतिबा शिरला तो भीतीपोटी. पण शिरला तो शिरलाच. कानडी, तमिळ, उर्दू तिन्ही भाषा त्याला घरच्यासारख्या यायच्या. पुडीच्या रंगांचे परवाने अडले की तो कचेरीत जाऊन बसायचा आणि कागद हातात घेतल्याशिवाय उठायचा नाही. रंगारी आणि रेशीम व्यापाऱ्यांचा संघ निघाला, त्याचा तो अध्यक्ष झाला. चिकपेटेत त्याने आधी रंगाच्या डब्यांचं दुकान टाकलं, मग साड्यांचं. पांढरा कोट आला, जरीच्या काठाचा रुमाल डोक्यावर आला. नगरसभेच्या निवडणुकीला तो उभा राहिला तेव्हा गल्लीने चूलबंद मतदान केलं. आमची जीभ नगरसभेत जाणार, याहून काय हवं?

आणि हा माणूस नुसताच मिरवला असं कुणी म्हणू नये. त्याने गटारं बांधून घेतली, दिवे आणले, पोरींच्या शाळेला दोन खोल्या आणल्या. लोक त्याच्या पाया पडायचे ते उगाच नाही.

वर्षातून दोन-तीनदा गल्लीतली माणसं विहिरीचं पाणी लोट्यात घेऊन यायची. तो पूर्वीसारखाच थेंब जिभेवर घ्यायचा, टाळ्याला लावायचा, थुंकायचा. "धरेल." आणि ते धरायचंच, कारण विहीर कधी दगा देत नव्हती. सात वर्षं त्याची लबाडी त्या विहिरीने झाकून ठेवली. अखेरीस त्याला स्वतःलाच वाटू लागलं, की जीभ नसली तरी अंदाज आहे, आणि अंदाज म्हणजे तरी दुसरं काय असतं?

एकोणसाठ साली तळ्याचा विषय निघाला. गाव वाढत होतं. तळ्यात जलपर्णी माजली होती, डास झाले होते, आणि व्यापाऱ्यांना घाऊक रेशमाच्या बाजारासाठी जागा हवी होती. तळं बुजवावं, त्यावर दोनशे गाळ्यांचा बाजार उभा करावा, त्यातले तीस गाळे रंगारी गल्लीला द्यावेत आणि गल्लीत दारादारात नळ यावा, अशी योजना ठरली. ठराव मांडायचा होता ज्योतिबाने. मात्र बांधाखालच्या लोकांची हरकत नाही, असं त्यांच्या सह्यांनिशी लेखी हवं होतं.

एका सकाळी देवीच्या देवळापुढे गल्ली जमली. नळ अजून यायचे होते, म्हणून शेजारच्या वस्तीतून पितळी घागर भरून नळाचं पाणी आणलं होतं. बायका दारांत उभ्या होत्या. चंद्राबाईही होती.

"अण्णा, तळं गेलं तर विहीर जाणार," आप्पाजी म्हणाला. भावासमोर तो कधी उलट बोलत नसे, पण त्या दिवशी उभा राहिला. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"म्हणून तर नळ येतायत."

"नळाच्या पाण्यात रंग धरेल? औषधाचा वास येतोय त्याला."

"उकळलं की वास जातो. इंजिनियर साहेबांनी सांगितलंय."

"इंजिनियरने कधी लडी बुडवलीये?" मागून कुणी तरी बोललं आणि लोक हसले.

"अण्णा, आम्हाला इंजिनियर कशाला," आप्पाजी म्हणाला. "तू जिभेवर घे. तू धरेल म्हणालास तर सरी. सह्या करतो."

एवढंच तर त्याला हवं होतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं. ज्योतिबाने घागरीतलं पाणी चुळक्यात घेतलं. जिभेवर ठेवलं. थंड लागलं. त्यापलीकडे काही नाही. त्याने मान वर केली तर समोर दारात चंद्राबाई. तिने त्याच्याकडे बघितलं, ओठ जरासे उघडले, आणि मग नजर खाली घातली.

तो थुंकला. "धरेल."

"एक लडी बुडवून बघूया का?" आप्पाजी म्हणाला. "आपली सहजच."

शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. पण ज्योतिबाची कानशिलं तापली. सात वर्षांत त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. "बाबांच्या जिभेला कधी लडी बुडवून पारखलंस का?" तो ओरडला. "माझ्यावर विश्वास नसेल तर आत्ता सांगा. मी ठराव फाडतो आणि घरी बसतो."

आप्पाजी शरमला. त्याने पुढे होऊन भावाच्या पायांना हात लावला आणि पहिली सही त्याने केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण सहज म्हणतो. बत्तीस घरांचं नशीब त्या दिवशी तसंच ठरलं.

साठ साली बैलगाड्यांनी आणि लॉऱ्यांनी माती ओतून तळं बुजवलं. विहिरीचा दोर महिन्याला हातभर लांब करावा लागू लागला. पुढच्या उन्हाळ्यात तळाशी चिखल राहिला आणि बेडकं. नळ ठरल्याप्रमाणे आले. लोकांनी हंडे भरले, चुली पेटवल्या. लग्नसराईचं रेशीम येऊन पडलं होतं.

पहिला हंडा आप्पाजीचा. कुंकवी. लडी वर काढली आणि पिळून उन्हात टाकली, तर तिच्यावर कोड फुटल्यासारखे पांढरट डाग. त्याने दुसरी बुडवली. तिसरी. तेजाब वाढवून पाहिलं, आच कमी करून पाहिली. विणकर आले, लड्या हातात धरून बघितल्या, गोळा करून घेऊन गेले.

पाण्याला दोष द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पाणी जिभेने पारखलेलं होतं. मग चुकला तो हात. गल्लीने आधी आप्पाजीच्या हाताकडे संशयाने बघितलं, मग आपापल्या. घरोघरी हात उतरल्याची कुजबुज सुरू झाली. कुणी देवीचा कोप म्हणालं, कुणी मनगटाला ताईत बांधला. आप्पाजी दिवसभर हंड्यापुढे उभा राहायचा आणि लडी उचलायच्या क्षणी अडायचा. आधी, की नंतर? चाळीस वर्षं ज्याला हा प्रश्न पडला नव्हता त्याला आता दुसरं काही सुचेना.

ज्योतिबा एक दिवस आला. त्याचं बिऱ्हाड तोवर जयनगरच्या नव्या घरात गेलं होतं. आप्पाजीने डागाळलेली लडी त्याच्यापुढे धरली, मग आपला हात.

"अण्णा, बघ रे, माझ्या हाताला काय झालं."

ज्योतिबाने तो हात आपल्या हातात घेतला. निळ्या-तांबड्या नखांचा, जाड कातडीचा, बापाने वाटणीत दिलेला. दोन वाक्यं बोलायची होती. चूक पाण्याची आहे, आणि मला ती कळली नाही. पण पुढच्या आठवड्यात बाजाराची कोनशिला बसायची होती आणि तिच्यावर त्याचं नाव कोरून तयार होतं.

"वय झालं आप्पा," तो म्हणाला. "स्वल्प विश्रांती घे."

ह्या वाक्याला मी क्षमा करू शकत नाही. पाण्याच्या वेळी तो भ्याला होता, ते समजून घेता येतं. हे मात्र त्याने भावाच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

दोन वर्षांत गल्ली रिकामी झाली. हंडे मोडीत गेले. कुणी चिकपेटेत साड्यांच्या घड्या घालायला लागलं, कुणी रस्त्यावर शिवणाचं मशीन घेऊन बसलं. तीस गाळे तयार झाले तेव्हा ते घ्यायला गल्लीतलं कुणी उरलं नव्हतं, ते भलत्यांनीच घेतले. ज्योतिबाने आप्पाजीला आपल्या दुकानात बोलावलं. "बिघडलेला हात तुझ्या दुकानात कशाला?" आप्पाजी म्हणाला आणि बायकोला, अंबूबाईला, घेऊन आनेकलला तिच्या भावाकडे गेला. तिथं एका कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर लागला. पुढच्या निवडणुकीत ज्योतिबा पडला. ज्या मतांवर तो निवडून यायचा ती माणसंच वॉर्डात राहिली नव्हती. त्याला पाडायला विरोधक लागलाच नाही.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात अंबूबाईचं कार्ड आलं. यंत्रात हात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली.

चंद्राबाईने कार्ड दोनदा वाचलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "आज जाऊन सांगा," ती म्हणाली. "नाहीतर उद्या मी जाते आणि सांगते. त्या दिवशी दारात उभी राहून मी गप्प बसले. त्याचं पाप मला अजून झोपू देत नाही."

आनेकलच्या बसमध्ये ज्योतिबा खिडकीपाशी बसला होता. कंडक्टरने ओळखलं नाही. नाचणीची शेतं मागे पडत होती आणि तो मनातल्या मनात ती दोन वाक्यं घोकत होता, शाळेतल्या पोरासारखी.

एका खोलीचं घर. आप्पाजी चटईवर भिंतीला टेकून बसला होता, उजव्या हाताला पांढरं गाठोडं बांधलेलं. भाऊ दिसला तसा तो उठू लागला. ज्योतिबाने त्याला खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी बसला. चुलीपाशी अंबूबाई सार ढवळत होती. फोडणीचा वास घरभर होता.

"फार दुखतं?"

"आता नाही." आप्पाजी हसला. भावाचा चेहरा बघून त्यालाच भावाची कीव आली असावी. "तू मनाला लावून घेऊ नको अण्णा. गेला तो बिघडलेलाच हात होता. बरा हात गेला असता तर रडलो असतो."

भाषणांनी सभा जिंकणाऱ्या माणसाला ती दोन वाक्यं बाहेर काढायला किती वेळ लागला, हे फक्त त्यालाच माहीत.

"आप्पा, मला चव नाही."

"काय?"

"जिभेला चव नाही. बावन्न सालापासून. तेजाबाने गेली. त्या दिवशी घागरीतलं पाणी मला काहीच कळलं नाही. मी उगाच धरेल म्हणालो. पाणीच वाईट होतं. तुझा हात कधीच चुकला नव्हता."

चुलीपाशी ढवळण्याचा आवाज थांबला. आप्पाजीने भावाकडे बघितलं नाही. तो मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होता. डाव्या हाताने त्याने ते हळूच उचललं, जिथं बोटं असायची तिथवर बघितलं आणि परत खाली ठेवलं.

"म्हणजे हात बरा होता," तो म्हणाला.

"बरा होता."

"डाग पडले तेव्हाही?"

"तेव्हाही."

"वैनीला ठाऊक होतं?"

"होतं."

"सरी," आप्पाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि गालांवरून पाणी वाहू लागलं, पण आवाज फुटला नाही. ज्योतिबाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आप्पाजीने तो झिडकारला नाही, धरलाही नाही. दोघे म्हातारे भाऊ तसेच बसून राहिले.

शेवटी अंबूबाईने पदराने तोंड पुसलं. घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, एवढं एकच तिला त्या क्षणी सुचलं असणार. तिने दोन ताटं काढली.

"भावजी, दोन घास खाऊन जा," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"अण्णाचं ताट नको घेऊ अंबू," आप्पाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तू एवढं चांगलं केलंयस. त्याच्या तोंडात वाया जाईल."

तिने एक ताट परत फळीवर ठेवलं. ज्योतिबाने उठून कोट घातला, दारातल्या चपला पायात सरकवल्या. बस सुटायला अजून दीड तास होता. तो तेवढा वेळ स्टँडवर उन्हात उभा राहिला.